शेजारच्या नागावचे केरूनाना छत्रे

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी कोणा एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावयाचे, असा प्रघात आहे. आतापर्यंत संतांची, राण्यांची, समाजसुधारकांची चरित्रे बरीच छापून झाली. या वेळी चिटणीसबाईंनी ते काम मजवर सोपविले, तेव्हा मी ठरविले की फार दूर जावयाचे नाही. चौलहून अलिबागेस जाताना वाटेत जे नागाव लागते, त्या नागावात जन्मलेल्या एका माणसाविषयी लिहावयाचे. त्यांचे नाव केरो लक्ष्मण छत्रे. सारा महाराष्ट्र त्यांना केरूनाना म्हणत असे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. गणित आणि ज्योतिष हे माझे विषय नव्हेत. तरी वाचनालयातून पुस्तके आणून, थोडे मुलीकडून समजावून घेऊन, जे मला कळले ते आपणांपुढे मांडते.

केरूनानांचा जन्म १६ मे १८२५ रोजी नागाव येथे झाला. पेशवाई बुडून तेव्हा उणीपुरी सात वर्षे झाली होती. आपल्या या किनाऱ्यावर अजून आंग्रे घराण्याचे राज्य होते. नागाव म्हणजे नारळी-पोफळीच्या वाड्या, शिंपण्यासाठी विहिरीवर फिरणारे रहाट आणि पलीकडे समुद्र. अशा गावी जन्मलेल्या मुलाने पुढे काय करावे, तर वाडी सांभाळावी किंवा भिक्षुकी करावी, एवढीच वाट दिसत होती. त्यातून लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. पण चुलत्यांनी पोरक्या पुतण्याला टाकले नाही. त्यांनी त्याला मुंबईस नेले आणि शाळेत घातले. भगिनींनो, या चुलत्यांचा मला नेहमी आदर वाटतो. घरात एक तोंड वाढले म्हणून कुरकुर न करता परक्याच्या म्हणावयाच्या लेकराला शिकविणारी माणसे इतिहासात थोडक्या ओळींत येतात, पण त्यांच्यावाचून पुढचे काहीच घडत नाही.

मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन ही त्या वेळची मोठी शिक्षणसंस्था होती. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर तेथेच शिकवीत असत. गणित व ज्योतिष शिकविणारे आर्लिबार नावाचे एक इंग्रज प्रोफेसर होते. नागावचा हा मुलगा गणितात असामान्य आहे हे त्यांच्या ध्यानात आले. कुलाब्यास, म्हणजे मुंबईच्या दक्षिण टोकास, कंपनी सरकारने १८२६ साली एक वेधशाळा बांधली होती. बंदरात येणाऱ्या गलबतांना व जहाजांना आपली घड्याळे नीट लावता यावीत, हा तिचा पहिला हेतू. पुढे तेथे हवेचे आणि पृथ्वीच्या चुंबकशक्तीचेही मोजमाप होऊ लागले. आर्लिबार साहेब त्या वेधशाळेचे काम पाहत. १८४० च्या सुमारास त्यांनी केरूनानांना तेथे मदतनीस म्हणून घेतले. वय अवघे पंधरा-सोळा वर्षांचे.

वेधशाळेतले काम म्हणजे मोठे चिकाटीचे काम. ठरल्या वेळी उठावयाचे, काट्यावरचा आकडा पाहावयाचा आणि वहीत टिपावयाचा. आज पाऊस आहे, उद्या सण आहे, अंग मोडून आले आहे, यांपैकी कोणतीही सबब चालत नाही. एक आकडा चुकला तर पुढचे सारे गणित चुकते. केरूनानांनी असे दहा एक वर्षे काम केले. आपणां बायकांना या कामाची किंमत लवकर कळेल. रोज पहाटे उठून तीच चूल, तेच पाणी, तेच दूध, आणि एक दिवस चुकले तरी सारे घर अडते. अशा रोजच्या कामाला कोणी मोठेपणा देत नाही, पण त्यातूनच मनुष्य तयार होतो. केरूनाना आकाशाचे पंडित झाले ते पोथ्या पाठ करून नव्हे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयाचे आणि पाहिले तेच लिहावयाचे, ही सवय त्यांना कुलाब्यास लागली.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. विजेमुळे चुंबकाचे नाजूक काटे हलतात, म्हणून ते काम मुंबईबाहेर हलविणे भाग पडले. जागा कोणती निवडली, तर आपले अलिबाग. १९०४ साली तेथे चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. इमारतीत लोखंड येऊ नये म्हणून मुद्दाम काळजी घेतलेली आहे. केरूनाना तेव्हा हयात नव्हते. पण ज्या कामासाठी नागावचा मुलगा खाडी ओलांडून कुलाब्यास गेला, तेच काम त्रेसष्ट-चौसष्ट वर्षांनी त्याच्या जन्मगावापासून दोन-अडीच कोसांवर येऊन राहिले. आपण अलिबागेस बाजाराला, दवाखान्याला, कचेरीला कितीदा जातो. पण ही वेधशाळा ध्यानात ठेवून पाहणाऱ्या किती जणी असतील?

१८५१ साली केरूनाना पुण्यास गेले. तेथील पूना कॉलेजात ते शिकवू लागले. पुढे त्याच कॉलेजाचे डेक्कन कॉलेज झाले आणि केरूनाना तेथे गणिताचे व सृष्टिशास्त्राचे प्रोफेसर झाले. ज्या काळी असल्या जागा बहुधा विलायतेहून आलेल्या साहेबांना मिळत, त्या काळी धोतर-पगडीतला एक कोकणी मनुष्य तेथे उभा राहून गणित शिकवीत होता. १८७७ साली सरकारने त्यांना रावबहादुर ही पदवी दिली. १८७९ साली ते सेवानिवृत्त झाले.

त्यांनी काय शिकविले हे तर मोठेच, पण कोणत्या भाषेत शिकविले हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. शाळेतल्या मुलांसाठी त्यांनी अंकगणिताचे आणि पदार्थविज्ञानाचे पुस्तक मराठीत लिहिले. इंग्रजी येणाऱ्यांपुरते शास्त्र ठेवावयाचे नाही, असा त्यांचा बाणा होता. ज्ञानप्रसारक सभेपुढे हवा, भरती-ओहोटी, कालज्ञान अशा विषयांवर त्यांनी मराठीत निबंध वाचले. व्याख्यान ऐकावयाला येणारे लोक सारेच कॉलेजात शिकलेले नसत. त्यांना समजेल अशा रीतीने अवघड विषय सोपा करून सांगणे हे फार थोड्यांना साधते. ज्याला स्वतःला नीट समजलेले असते, त्यालाच ते साधते.

भरती-ओहोटीचा विषय आपणां चौलकरांना काही नवा नाही. तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीचा तास निघतो, हे आपले कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. चतुर्थीस तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेस उधाण येते आणि अष्टमीच्या आसपास भांग असते, हेही आपण डोळ्यांनी पाहतो. पण असे का, हे विचारणारा थोडा. चंद्र पृथ्वीवरील पाण्याला आपल्याकडे ओढतो, सूर्यही ओढतो. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघे एका रेषेत येतात, म्हणून त्यांची ओढ एकत्र होते आणि पाणी जास्त चढते. अष्टमीला दोघांची ओढ आडवी-उभी होते, म्हणून चढ कमी. चंद्र रोज थोडा उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज पाऊण-पाऊण तास उशिरा येते. कोळ्याची पाऊणपट आणि प्रोफेसराचे गणित ही एकच गोष्ट. समुद्राकाठी जन्मलेल्या केरूनानांनी या विषयावर निबंध वाचला, यात मला नवल वाटत नाही.

सूर्यावर जे डाग दिसतात, त्यांचा आपल्या हवेशी व पावसाशी काही संबंध आहे काय, याचाही ते शोध घेत असत. हे डाग सुमारे अकरा वर्षांच्या फेऱ्याने वाढतात आणि कमी होतात. पावसाशी त्यांचे नाते अजून कोणाला पक्के बांधता आलेले नाही. पण १८७६ ते १८७८ या सालांतल्या मोठ्या दुष्काळात ज्यांनी माणसे व गुरे मरताना पाहिली, त्या पिढीच्या विद्वानाने पाऊस का हुलकावणी देतो हे आकाशात शोधू पाहावे, यात त्याची विद्या आणि त्याची माया दोन्ही दिसतात.

आता त्यांच्या मुख्य कामाकडे येते. ते काम आपल्या घरातल्या भिंतीवर टांगलेले असते. मी पंचांगाविषयी बोलते आहे.

त्या काळी आपल्याकडची पंचांगे बहुतेक ग्रहलाघव या ग्रंथावरून होत असत. हा ग्रंथ गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२० मध्ये रचला. हे गणेश दैवज्ञ कोठले, तर रेवदंड्याची खाडी ओलांडून मुरुडकडे जाताना लागणाऱ्या नांदगावचे. म्हणजे पहा, एक ज्योतिषी आपल्या दक्षिणेस, एक आपल्या उत्तरेस, आणि मध्ये आपण. ग्रहलाघव फार सोयीचा ग्रंथ. पण घड्याळ कितीही चांगले असले तरी वर्षानुवर्षे लावले नाही तर मागेपुढे होतेच. तीनशे वर्षांत ग्रहलाघवाचे गणित आणि आकाशातले खरे ग्रह यांत फरक पडत गेला. पंचांगात लिहिलेल्या वेळी ग्रहण लागावयाचे नाही, लिहिलेल्या जागी ग्रह दिसावयाचा नाही.

केरूनानांनी युरोपातल्या ज्योतिष्यांच्या सूक्ष्म गणितावरून मराठीत ग्रहसाधनाची कोष्टके तयार केली. शके १७८२, म्हणजे १८६० साली ती छापून निघाली. ही कोष्टके हाताशी असली म्हणजे साधारण गणित जाणणाऱ्या जोशालाही ग्रहाचे खरे स्थान काढता येई. नुसते पुस्तक लिहून ते थांबले नाहीत. शके १७८७, म्हणजे १८६५ पासून त्यांनी नवे पंचांग सुरू केले. आबासाहेब पटवर्धन यांनी त्यास पाठबळ दिले, म्हणून त्यास पटवर्धनी पंचांग हे नाव पडले. पंचांग आकाशाशी जुळले पाहिजे, हे त्याचे तत्त्व.

पण येथे एक मोठा पेच होता. राशिचक्राचा आरंभ कोठून धरावयाचा? पृथ्वी भोवऱ्यासारखी डुलत फिरते आणि तिचा एक डोल पुरा होण्यास सुमारे २६,००० वर्षे लागतात. त्यामुळे ऋतू आणि नक्षत्रे यांची जोड हळूहळू सरकत असते. म्हणून आकाशातली एखादी खूण धरून तेथून मोजणे भाग पडते. केरूनानांनी रेवती नक्षत्रातील एक लहानसा तारा आरंभ म्हणून घेतला. शास्त्राला धरून ते योग्य होते. पण त्यामुळे त्यांचे पंचांग जुन्या पंचांगांपेक्षा सुमारे चार अंशांनी वेगळे झाले. सूर्य एका दिवसात सुमारे एक अंश चालतो, म्हणून संक्रांत चार दिवस आधी येऊ लागली. कधी कधी अधिक महिनाही वेगळा पडू लागला. मग काय विचारता! ग्रहणाची वेळ सुधारली तर लोकांना चालते, पण सण हलविला की घराघरात प्रश्न उभा राहतो. पटवर्धनी पंचांग फारसे पसरले नाही. बहुतेक लोक जुन्यालाच धरून राहिले.

दुसऱ्या बाजूनेही विरोध झाला. विसाजी रघुनाथ लेले यांच्यासारखे विद्वान म्हणत की तारा कशाला, ऋतूंनाच धरून पंचांग करा. त्यांच्या हिशेबाने मकरसंक्रांत २२ डिसेंबरच्या सुमारास यावी, कारण दिवस खरोखर मोठा होऊ लागतो तो तेव्हा. यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ वाद झाला. केरूनाना आपल्या मताला धरून राहिले. दोन्ही बाजूंची माणसे विद्वान होती आणि दोघांनाही खरेपणाच पाहिजे होता. ज्यांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला त्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्र या मोठ्या ग्रंथात केरूनानांच्या कामाची नोंद घेतली आहे. मतभेद असला तरी दुसऱ्याचे श्रेय बुडवू नये, हा धडा आपल्या मंडळाच्या सभांतही उपयोगी पडेल.

या वादाची झळ मला स्वतःला लागली आहे, म्हणून सांगते. माझे माहेर रत्नागिरीकडचे. आमच्या घरी टिळक पंचांग पाळतात, तेव्हा संक्रांत १० जानेवारीस. सासरी चौलास मात्र १४ किंवा १५ तारखेस. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला आईने काळे लुगडे, हलव्याचे दागिने आणि तिळगूळ घेऊन भावाला पाठविले, ते १० तारखेला. इकडे संक्रांतीची काही तयारी नव्हती. माहेरच्यांना सणवार कळत नाही, असे चार नातेवाईक बायका माझ्यासमोर बोलल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आले. भाऊ बिचारा खाली मान घालून जेवला. सासूबाईंनी मात्र ते सामान देवापुढे ठेवले आणि चार दिवसांनी त्याच दागिन्यांनी मला सजविले. पुष्कळ वर्षांनी केरूनानांचे चरित्र वाचताना मला उमगले की आईही चुकली नव्हती आणि सासरही चुकले नव्हते. एक घर रेवतीचा तारा धरून मोजत होते आणि दुसरे चित्रेच्या ताऱ्याला धरून. दोन्ही घरांना ते ठाऊक नव्हते, एवढेच. ज्ञान नसले म्हणजे ताऱ्यांचा फरक माणसांच्या भांडणाला कारण होतो.

माहेरी टिळक पंचांग कसे आले, याचे उत्तर केरूनानांच्या शिष्यवर्गात आहे. लोकमान्य टिळक डेक्कन कॉलेजात शिकत असताना केरूनाना तेथे गणित शिकवीत. टिळकांना गणित फार प्रिय होते. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, तेव्हा टिळक तेथे गणित शिकवू लागले आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजातही त्यांनी तेच केले. गुरूने लावलेली गोडी शिष्याने पुढच्या मुलांना दिली. १८९३ साली टिळकांनी ओरायन हा ग्रंथ लिहून मृग नक्षत्राच्या आधाराने वेदांचा काळ काढला. राजकारणाच्या धकाधकीत आणि तुरुंगवासात गेलेल्या मनुष्याचे चित्त आकाशात असे रमत असे. १९०४ साली मुंबईस पंचांग सुधारण्यासाठी ज्योतिष परिषद भरली, तीत टिळकांनी भाग घेतला. रेवतीच्या ताऱ्याचा जो आरंभ केरूनानांनी धरला, तोच टिळकांनी मानला आणि पुढे त्या पंचांगाला टिळकांचेच नाव मिळाले. शिष्याने गुरूचे काम अंगावर घेतले ते असे. गोपाळ गणेश आगरकरही त्याच डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. एका कॉलेजातून अशी माणसे निघाली, त्यात केरूनानांसारख्या शिक्षकांचा वाटा मोठा.

स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणेसाठी समिती नेमली. तिने चित्रेच्या ताऱ्याला धरून हिशेब मान्य केला. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. म्हणजे तारा निवडण्याच्या बाबतीत केरूनानांचे मत बहुसंख्यांनी घेतले नाही. पण पंचांग आकाशाशी जुळले पाहिजे, वेध घेऊन ते तपासले पाहिजे, ही त्यांची मुख्य मागणी मान्य झाली. आज आपल्याकडची बहुतेक पंचांगे सूक्ष्म गणितावरच होतात. ग्रहण छापलेल्या मिनिटाला लागते तेव्हा मी मनातल्या मनात नागावला हात जोडते.

एवढे पांडित्य असूनही केरूनाना साधे होते. त्यांना गाण्याचा मोठा नाद होता. १९ मार्च १८८४ रोजी त्यांचे निधन झाले. वय अठ्ठावन्न वर्षांचे. त्यानंतर वर्षाच्या आतच फर्ग्युसन कॉलेज उघडले. ते पाहावयास केरूनाना नव्हते, पण त्यांचे शिष्य तेथे खडू घेऊन फळ्यापुढे उभे होते.

एक गोष्ट मनाला लागते, ती लिहिते. केरूनानांच्या वर्गात एकही मुलगी नव्हती. तो काळच तसा. सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यास मुलींना अक्षरे शिकविली तर त्यांच्यावर शेण फेकले गेले. डेक्कन कॉलेजात पुढे कॉर्नेलिया सोराबजी या शिकल्या आणि पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या, पण तोपर्यंत केरूनाना गेले होते. नागावच्या पोरक्या मुलाला मुंबईची वाट मिळाली. त्याच वेळी नागाव-चौलच्या वाड्यांत त्याच्याएवढीच हुशार एखादी मुलगी असेल. तिने सुपारी सोलली, पाणी भरले आणि रात्री अंगणात येऊन चांदण्या पाहिल्या. तिचे नाव कोणत्याही पुस्तकात नाही. माझ्या स्वतःच्या शिक्षणाची गाडी सातवीशी थांबली. तक्रार म्हणून हे सांगत नाही. मुलगी हुशार निघाली म्हणून आनंद मानावयाचा आणि मग तिला शिकवावयाचे नाही, हे यापुढे आपल्या आळीत होऊ नये, एवढ्यासाठी सांगते.

म्हणून दोन सूचना करते. पहिली अशी की, आपले मंडळ कोजागरीला जमते, दूध पिते, गाणी म्हणते. तसेच थंडीतल्या एखाद्या अमावास्येला मुलींना घेऊन किनाऱ्यावर जावे. त्या रात्री चंद्र नसतो आणि चांदण्या भरपूर दिसतात. मृग कोणता, रोहिणी कोणती, कृत्तिकांचा पुंजका कोठे, हे ज्या आजीला माहीत असेल तिने दाखवावे आणि शाळेतल्या बाईंनी समजावून द्यावे. केरूनानांचा रेवतीचा तारा इतका बारीक आहे की तो सापडणे कठीण, पण शोधण्यात मजा आहे. दुसरी सूचना अशी की, आपल्या मुलींना एकदा अलिबागची वेधशाळा कोठे आहे ते बाहेरून का होईना दाखवावे आणि ती तेथे का आली याची हकीकत सांगावी.

आपण देवदर्शनाला दूरदूर जातो, ते चांगलेच. पण ज्ञानासाठी झिजलेल्या माणसाचे गाव आपल्या शेजारी आहे, तेथूनही मान लववून जावे. पुढच्या खेपेस अलिबागेची एस.टी. नागावात थांबली म्हणजे शेजारी बसलेल्या मुलीला केरूनानांचे नाव अवश्य सांगा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करते.